जयंती ‘त्यांची’ होती, तेव्हा...

जानेवारीतला रविवार होता. रात्री जेवणं उरकून ओटा पुसत होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिकडे सकाळचे अकरा वाजले असावेत. ती गेली वीस वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सीत नोकरी करते. आमचे फोन म्हणजे ठरलेले विषय : नातवाची शाळा, तिथला बर्फ आणि माझे गुडघे. त्या दिवशी मात्र तिनं वेगळंच काढलं.

“आई, पुढच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात मार्टिन ल्यूथर किंगचा कार्यक्रम आहे. या वेळी मला पाच मिनिटं बोलायचंय. म्हणाले, तुमच्या देशात नागरी हक्कांसाठी लढलेलं कोणी असेल तर त्यांच्याविषयी सांग. मी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दिलंय. तुमच्या ऑफिसात जयंती व्हायची ना गं?”

“व्हायची की. दरवर्षी व्हायची.”

“मग सांग ना, कशी असायची? काय काय करायचात तुम्ही?”

प्रश्न साधा होता. पण मला उत्तर सुचेना. मी छत्तीस वर्षं नोकरी केली. त्यातल्या पहिल्या पंधरा जयंत्यांना मी एकदाही गेले नव्हते. ऑफिसातच होते, त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर. तरी गेले नव्हते. फोनवर हे कसं सांगायचं? “उद्या सांगते,” म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री बराच वेळ झोप आली नाही. जे तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेच आज इथं लिहिते आहे.

* * *

फोर्टमधलं आमचं ऑफिस जुन्या दगडी इमारतीत होतं. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे आणि एका हॉलमध्ये चाळीस टेबलं. ऑफिसचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या एकाच ठिकाणी घडत होतं असं मुळीच नाही. १९७५ च्या जूनमध्ये मी तिथं क्लार्क म्हणून लागले. डोंबिवलीहून ८.१२ ची लोकल, व्हीटीहून चालत ऑफिस, लेटमार्क पडायच्या आत मस्टरवर सही. मग दिवसभर लेजरं आणि आवक-जावक.

दीड वाजला की आम्ही सातजणी खिडकीजवळची दोन टेबलं जोडून जेवायला बसायचो. एकीची मटकीची उसळ, एकीचं भरलं वांगं, एकीची फोडणीची पोळी. डब्यांची झाकणं या हातातून त्या हातात फिरायची. सासूची तक्रार, मुलाचा ताप, साडीचा सेल, सगळं त्या अर्ध्या तासात व्हायचं. नोकरीतलं निम्मं सुख तिथंच होतं असं म्हटलं तरी चालेल.

१९७७ साली ती आली. तिनं सांगितलंय, “गोष्ट लिही, नाव नको,” म्हणून नाव लिहीत नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली, वडील गिरणी कामगार. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमधून राखीव जागेवर आलेली. अक्षर असं की आमचे हेडक्लार्क तिची पानं दुसऱ्यांना दाखवायचे. तिचं टेबल माझ्या शेजारचं.

पहिल्या दिवशी मीच तिला म्हटलं, “या ना आमच्यात जेवायला.” ती आली. डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी होती. तिनं झाकणात भाजी काढून पुढं केली. झाकण फिरलं, आणि फिरून तसंच भरलेलं तिच्याकडे परत आलं. एकीला पित्त झालं होतं, एकीचा गुरुवार होता, एकीचं पोट भरलं होतं. आणि मी? मी म्हटलं, “मला मेथी चालत नाही हो.”

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती उठली नाही. स्वतःच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिथंच जेवली. तिला ‘येऊ नको’ असं कोणी म्हटलं नव्हतं. ‘ये’ असंही पुन्हा कोणी म्हटलं नाही. त्यानंतर महिन्याभरातच माझ्या डब्यात मेथी होती. आई गावाहून आली होती, तिनं केलेली. झाकण फिरलं, सगळ्यांनी वाखाणली. शेजारच्या टेबलावरून तिनं ते पाहिलं आणि मान खाली घालून जेवत राहिली.

आमच्या घरात जात पाळत नसत. निदान आम्ही तसं म्हणत असू. कोणाला घरी बोलावू नका असं सासूबाई कधी म्हणाल्या नाहीत. पण बोलवायची वेळ आलीच नव्हती, हेही तितकंच खरं.

हॉलच्या कोपऱ्यात पाण्याचा मोठा माठ होता. पुढं एका वर्षी पाणी भरायला नवा शिपाई आला, तिच्याच समाजातला. त्याच महिन्यात आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई घरून फिरकीचा तांब्या आणू लागल्या. “माठाचं पाणी मला बाधतं,” असं त्यांचं म्हणणं. मग दुसरीनं बाटली आणली, तिसरीनं आणली. मीही आणली. का आणते, असं मी स्वतःला विचारलं नाही. सगळ्याजणी आणतात म्हणून आणली.

* * *

आता जयंतीविषयी.

आमच्या ऑफिसात श्रावणात सत्यनारायण असायचा. त्याची वर्गणी पगारातून जणू आपोआपच निघे. साहेब सपत्नीक पूजेला बसायचे, युनियनवाले मांडव घालायचे, तुपातल्या शिऱ्याचा वास पार लिफ्टपर्यंत यायचा. सगळं ऑफिस असायचं. तीही असायची. दाराशी रांगोळी तीच काढायची. फार पुढं मला कळलं की तिच्या घरच्यांनी १९५६ साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि घरात पूजाअर्चा काही नव्हती. “मग तू यायचीस कशी?” मी विचारलं. ती म्हणाली, “नोकरीत राहायचं होतं ना.”

आणि चौदा एप्रिल? त्या दिवशी सुट्टी. म्हणून कार्यक्रम आधीच्या किंवा नंतरच्या दिवशी, संध्याकाळी साडेचारला, कॅन्टीनमध्ये. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची संघटना तो करायची. आठ दिवस आधी दोघं-तिघं वही घेऊन टेबलाटेबलांवरून फिरायचे. सत्यनारायणाला पाच रुपये देणारे आम्ही इथं दोन रुपये द्यायचो. “घ्या, तुमच्या जयंतीचे,” असं म्हणायचो. ‘तुमच्या’ या शब्दात काही वावगं आहे असं वाटतही नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी साडेचारला काम थांबवायची परवानगी असे. आम्ही तिचा फायदा घेऊन ५.०४ ची लोकल गाठायचो. एरवी ६.१० शिवाय घरी निघता येत नसे, म्हणून आम्हांला जयंती आवडायची! कॅन्टीनवरून जाताना निळं कापड अंथरलेलं टेबल दिसायचं. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, उदबत्त्या. त्रिसरण-पंचशीलाचे सूर ऐकू यायचे. साहेब हार घालायला दहा मिनिटं येऊन जायचे. मागं उरायचे ते ‘त्यांचे’ तीस-पस्तीसजण. लोकलमध्ये चौथी सीट मिळाली की आम्ही खूश.

१९८० साली माझी ही मुलगी झाली. तीन महिने बाळंतपणाची पगारी रजा मिळाली. परत आले तेव्हा वाटलं होतं, लेजरांचा ढीग साचला असेल. एकही पान मागं राहिलेलं नव्हतं. सगळ्या नोंदी तिच्या मोत्यासारख्या अक्षरात. मी तिला पेढे दिले, तिनं ते खाल्ले. तिच्या हातचं काही खायची वेळ माझ्यावर आली नाही. म्हणजे मी ती येऊ दिली नाही.

मग १९८८ साली बढत्या निघाल्या. बिंदुनामावलीप्रमाणे एक जागा राखीव होती, ती तिला मिळाली. तिचं टेबल तेच राहिलं, फक्त खुर्चीला हात आले. मी दोन वर्षं आधी लागलेली, घरी जाऊन रडले. दुपारच्या आमच्या बैठकीत ‘सरकारचे जावई’ हा शब्द फिरला. मी तो थांबवला नाही. उलट बरं वाटलं. खात्याची परीक्षा ती पहिल्याच खेपेला पास झाली होती आणि मी दुसऱ्या खेपेला. हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते कोणी बोललं नाही. मीही नाही. १९९० च्या ऑगस्टमध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली तेव्हा तर हॉल दुभंगलाच. खरं म्हणजे ते आरक्षण इतर मागासवर्गीयांचं. तिचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण टोमणे ऐकायला समोर तीच होती.

* * *

१९९१ हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. आदल्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं होतं. शताब्दी वर्ष सरकारनं सामाजिक न्यायाचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आमच्याकडेही सर्क्युलर निघालं : जयंतीचा कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये होईल, सर्वांनी उपस्थित राहावं. त्या वर्षी चौदा एप्रिल रविवारी आला, म्हणून कार्यक्रम सोमवारी. ५.०४ ची लोकल हुकली म्हणून आम्ही कुरकुरत दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो. माझ्या मांडीवर पर्स आणि पाण्याची बाटली.

बोलायला बाहेरचे पाहुणे यायचे होते, ते आलेच नाहीत. संघटनेच्या लोकांनी थोडी कुजबुज केली आणि तिला उभं केलं. चौदा वर्षांत तिचा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ती म्हणाली, “बाबासाहेबांनी घटना लिहिली, हे सगळ्यांना माहीत आहे. ते मी सांगत नाही. आपण सगळे नोकरदार आहोत. बाबासाहेबांनीही नोकरी केली होती, त्याविषयी सांगते.”

मग तिनं बडोद्याचं सांगितलं. १९१७ साल. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर हजर झाला. ऑफिसातले शिपाई त्याच्या टेबलावर फायली लांबून फेकायचे. प्यायला पाणी मिळायचं नाही. राहायला गावात कोणी जागा देईना. शेवटी नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत खोली घेतली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दाराशी आली आणि संध्याकाळच्या आत खोली सोड म्हणाली. हिंदू मित्राकडे विचारलं, ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, सोय झाली नाही. मुंबईची गाडी रात्रीची, तोवर तो एका बागेत जाऊन बसला.

“पुढच्या वर्षी ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले,” ती म्हणाली. “आपल्या याच मुंबईत. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी ते प्यायले, तर त्यालाही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. सहकारी म्हणजे शिकलेले, प्राध्यापक लोक.”

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. कोपऱ्यातला माठ माझ्या बसल्या जागेवरून दिसत होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

मग ती वडिलांविषयी बोलली. गिरणीत कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड लागायचं. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला : कामगार म्हणून सगळे एक म्हणता, मग हे खातं आमच्या माणसांना बंद का? “माझ्या आजोबांनी विणाई खातं आतून कधी पाहिलं नाही,” ती म्हणाली. “ते सूत कातायचे. त्या सुताचं कापड सगळे नेसायचे. त्याचा विटाळ होत नव्हता.”

कोणाचं नाव नाही, टोमणा नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “कामाच्या जागी माणसाला कसं वागवतात, हे बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. म्हणून त्यांची जयंती कामाच्या जागी व्हायला हवी, असं मला वाटतं.”

बोलता बोलता तिचा घसा कोरडा पडला होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तिला पाणी हवं होतं. मी दुसऱ्या रांगेत, माझ्यात आणि तिच्यात फार तर सहा पावलं. मी बाटली उचलली. उचलली आणि क्षणभर थांबले. त्या क्षणात माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते मला नीट ठाऊक आहे : शेजारच्या काय म्हणतील, ही बाटली मग घरी न्यायची का, ती तोंड लावून पिईल का. तेवढ्यात शिपायानं माठातलं पाणी ग्लासात आणून तिला दिलं. ती प्यायली आणि जागेवर जाऊन बसली. माझी बाटली हातातच राहिली.

* * *

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी डबा घेऊन खिडकीकडे गेले नाही. तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. “इथं बसू का?” असं विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

तिनं वर्तमानपत्राची घडी उलगडून मोठी केली. म्हणाली, “बसा की. चौदा वर्षं ही जागा रिकामीच आहे.”

तिच्या डब्यात नेमकी मेथीच होती. मी न विचारता घेतली. “आता चालते का?” तिनं विचारलं. मला वर बघवेना. मग तीच म्हणाली, “जेवा. गार होईल.” माफी वगैरे मी त्या दिवशी मागितली नाही. मागायला हवी होती. ती मागायला मला आणखी काही वर्षं लागली.

खिडकीजवळच्या बैठकीत दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. “तुझं काय अडलं होतं?” असं एकीनं जिन्यात विचारलं. महिन्याभरानं एक त्यांच्यातून उठून आमच्याकडे आली. बाकीच्या कधीच आल्या नाहीत. घरी ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरं केलंस, पण आत्ता एवढं काय त्यात?” त्यात काय होतं हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नाही.

पुढं तिनं मला वाचायला दिलं. महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे इंग्रजी खंड काढायला सुरुवात केली, वसंत मून यांच्या संपादनाखाली. त्यातला दुसरा खंड, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेला, तिनं माझ्या पिशवीत टाकला. मुंबई विधिमंडळातली भाषणं त्यात होती. रोज लोकलमध्ये चार-पाच पानं वाचायची. १९२८ च्या जुलैमधलं एक भाषण सापडलं आणि मी कुर्ल्यापर्यंत तेच पान धरून बसले. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणात मदत आणि विश्रांती मिळावी, असं बिल मुंबई विधिमंडळापुढे होतं, आणि बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलत होते. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं यात राष्ट्राचंच हित आहे, असा त्यांचा मुद्दा. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

आणि माझी तीन महिन्यांची रजा? ती मला सरळ त्याच कायद्यानं मिळाली होती असं नव्हे. पण बाईच्या बाळंतपणाशी तिच्या मालकाचा आणि सरकारचा काही संबंध आहे, हे ज्यांनी या देशात आधी मांडलं, त्यांत हा माणूस होता. पुढं १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडे होतं. खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात १९४३ साली दुरुस्ती झाली, ती त्यांनीच मांडलेली. १९४६ च्या दुरुस्तीनं कारखान्यातल्या कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. माझे सासरे कारखान्यात होते. त्यांच्या आयुष्यातले आठवड्याचे ते सहा तास त्यांना कोणामुळे मिळाले, हे आमच्या घरात कोणाला माहीत नव्हतं. जयंती मात्र ‘त्यांची’!

१९९२ पासून मी जयंतीच्या समितीत काम केलं. वही घेऊन टेबलाटेबलांवर फिरले. “तुम्ही कशा काय यांच्यात?” हे ऐकलं. दोन रुपये पुढं करणाऱ्यांना “सत्यनारायणाला किती देता?” असं विचारायला शिकले. पहिली जाहीर जयंती पुण्यात १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी केली, हेही तिथंच कळलं. सर्क्युलर फार उशिरा आलं. हा उत्सव पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला तो चाळीतल्या आणि वस्तीतल्या माणसांच्या वर्गणीवर.

१९९४ च्या जानेवारीत मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा ऑफिसात पुन्हा वाद पेटले. त्या आठवड्यात आम्ही दोघी मुद्दाम हॉलच्या मधल्या टेबलावर जेवलो. तोवर आमचं अगं-तुगं झालं होतं.

* * *

हे सगळं मी मुलीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, फोन कट झाला.

मग तिनं तिकडचं सांगितलं. किंगचा दिवसही त्यांना सहज मिळालेला नाही. १९६८ साली किंगची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत सुट्टीचं बिल अमेरिकी संसदेत मांडलं गेलं, पण कायदा व्हायला १९८३ साल उजाडलं. पहिल्यांदा दिवस साजरा झाला १९८६ मध्ये, आणि सगळ्या राज्यांनी मानेपर्यंत २००० साल आलं. जानेवारीचा तिसरा सोमवार. खासगी ऑफिसं बंद असतातच असं नाही, म्हणून मग जेवणाच्या सुट्टीत कार्यक्रम. “आणि आई, किंग शेवटी मेम्फिसला गेले होते ते कशासाठी, ठाऊक आहे? कचरा उचलणाऱ्या कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला. दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते. संपकरी गळ्यात पाट्या अडकवून चालायचे, ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेल्या.” म्हणजे तोही लढा कामाच्या जागेचाच होता.

तिनं आणखी एक सांगितलं, ते मला नवीन होतं. १९५९ साली किंग भारतात आले होते. केरळात त्रिवेंद्रमच्या एका शाळेत पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य मुलांपुढे मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख करून दिली : हे अमेरिकेतले अस्पृश्य. किंगना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग आपल्या देशातल्या आपल्या लोकांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढं आली, आणि त्यांनी मनाशी कबूल केलं की होय, मी अस्पृश्यच आहे. हा प्रसंग त्यांनी स्वतः १९६५ साली चर्चमधल्या एका प्रवचनात सांगितला.

“आई, किंगच्या कार्यक्रमाला आमच्या ऑफिसातले आपले लोक हौसेनं येतात,” मुलगी म्हणाली. “टाळ्या वाजवतात. आणि नवीन मराठी मुलगा लागला की कॉफी घेताना पहिला प्रश्न, ‘पूर्ण नाव काय?’ आडनाव कळलं की मग दुसरा, ‘गाव कुठलं?’ सिएटल शहरानं २०२३ साली जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तेव्हा याच लोकांना ते आवडलं नव्हतं. मीही तेव्हा काही बोलले नव्हते.”

मी म्हटलं, “मग आता बोल.”

मंगळवारी रात्री तिचा फोन आला. कार्यक्रम झाला होता. बडोद्याविषयी बोललीस का, मी विचारलं. म्हणाली, “बोलले. पण दोनच मिनिटं. बाकीची तीन मिनिटं तुझी बाटली आणि मेथी.”

माझ्या पोटात गोळा आला. परक्या देशात, परक्या माणसांपुढं, माझी ही गोष्ट! “चिडलीस?” तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. खरं म्हणजे थोडी चिडले होते. पण फोन ठेवल्यावर वाटलं, बाबासाहेब केवढे मोठे होते हे तिला कोणीही सांगितलं असतं. आपण किती लहान होतो, हे मात्र ज्याचं त्यानंच सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी कल्याणला फोन लावला. ती निवृत्तीनंतर मुलाकडे तिथं राहते. तिला सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग हसू आलं.

“बरं केलं पोरीनं,” ती म्हणाली. “आता चौदा एप्रिलला ये इकडे. आमच्या वस्तीत जयंती आहे. आणि डबा आणू नकोस, मी मेथी करणार आहे.”